दिवाळसणाचा तारेचा ब्रश

दाजी, तुमच्या दहाव्याला नदीच्या घाटावर माइक लावला होता. आपल्याकडची रीतच आहे ती. महाराजांचं प्रवचन संपलं की पुढारी उठतात, आणि पिंडाला कावळा शिवायच्या आत सगळ्यांना बोलून घ्यायचं असतं. तुम्ही मनमिळाऊ होतात, कष्टाळू होतात, अडीअडचणीला धावून जायचात, असं एकेकाने सांगितलं. एकाने तर तुम्हाला भजनाची गोडी होती असंही ठोकून दिलं. तुम्ही जन्मात टाळ हातात धरला नाहीत. ताईने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि तेवढ्या दुःखातही तिच्या ओठाचा कोपरा हलला. मी खाली सतरंजीवर बसून वाट पाहत होतो, की आता तरी कोणी गाडीचं नाव काढेल. कोणीच काढलं नाही. शेवटी माइक माझ्यापुढे आला तेव्हा मी हातानेच नको म्हणालो. लोकांना वाटलं, मेहुण्याला रडू आवरेना. ते खरंच होतं, पण त्याहून जास्त मला राग आला होता.

म्हणून आता आळ्याला, आमच्या गावी, घरी येऊन हे लिहायला बसलोय. इथे माइक नाही, पुढारी नाहीत. तुम्ही आहात, मी आहे, आणि तुम्ही आयुष्यभर मला विचारत आलात त्या एका प्रश्नाचं उत्तर आहे. ते माझ्याजवळ होतं, दाजी. पण ते नंतर.

आधी बैठकीपासून सुरुवात करतो, कारण तुमची माझी ओळखच तिथली. नव्वदचं दशक नुकतं लागलं होतं. ताईची सुपारी फोडायला तुमच्याकडची माणसं कळंबवरून जीप भरून आली होती. पोहे झाले, चहा झाला, मानपानाचं बोलणं निघालं. तुमच्या थोरल्या भावाने घसा खाकरून सांगितलं, की बाकी काही नको, पण पोराला मोटरसायकल पाहिजे. त्या काळात सगळेच मागत होते. आमच्या वडिलांनी, आबांनी, त्याच वर्षी कुकडी नदीवरून पाइपलाइन केली होती, हात आखडलेला होता. पण नाही म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. आत स्वयंपाकघराच्या दाराआड ताई उभी होती. तिचा चेहरा मला दिसत होता.

तुम्ही तेवढ्यात हात धुवायला म्हणून मागच्या दाराने गोठ्याकडे गेलात. बराच वेळ आला नाहीत. मला वाटलं, नवरा मुलगा पळाला. परत आलात ते धोतराएवढ्या मोठ्या रुमालाला हात पुसत, आणि उभ्या उभ्याच म्हणालात, "गाडी द्यायचीच असंल तर गोठ्यातली द्या. नवी नको."

गोठ्यातली गाडी म्हणजे आबांची तरुणपणीची, दोन सायलेन्सरवाली, किक आणि गिअर एकाच दांड्यात असलेली. जुन्नरच्या एका रिटायर फौजीकडून त्यांनी ती घेतली होती. तिच्यावरून ते एकदा पुलावर पडले, पाय प्लास्टरमध्ये गेला, आणि आईने त्यांना पुन्हा बसणार नाही अशी शपथ घातली. तेव्हापासून ती म्हशींच्या पलीकडे बारदानाखाली उभी होती. सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या. एका सायलेन्सरच्या तोंडात कुंभारमाशीने मातीचं घर केलं होतं. म्हशींच्या मुताने चाकांच्या रिमा खाल्ल्या होत्या. भंगारवाला दर वर्षी विचारायचा आणि आबा दर वर्षी त्याला हाकलायचे. घरातल्या कोणाची तिला हात लावायची टाप नव्हती.

अशी गाडी तुम्ही मागितलीत. तुमचा भाऊ तर उठूनच उभा राहिला. आबांना वाटलं, पावणं टोमणा मारतंय. त्यांनी विचारलंही, चेष्टा करता का. तुम्ही म्हणालात, चेष्टा नाही, मला आवडली. आबा म्हणाले, ती चालू होणार नाही. तुम्ही म्हणालात, ते माझ्याकडं लागलं. मी कोपऱ्यात बसून मनात म्हटलं, हा माणूस एक तर लई शहाणा आहे नाही तर बारा आण्यांचा. दोन्ही खरं निघालं.

सुपारी फुटली, पण गावात बोलणं सुरू झालं. एवढ्या मोठ्या घराने जावयाला भंगार दिलं, असं पारावर कोणी म्हणालं आणि ते आबांच्या कानावर आलं. लग्नाला दोन दिवस उरले असताना त्यांनी मला हाक मारली आणि ट्रॉली रंगवून उरलेल्या लाल ऑइलपेंटचा डबा आणायला सांगितला. जावयाला गंजकं कसं द्यायचं, हा एकच विचार त्यांच्या डोक्यात होता. बारदान काढलं, पाण्याच्या मोटरीने गाडी धुतली, आणि हातात ब्रश घेऊन आबांनी तिला रंगवायला घेतलं. टाकी रंगवली, मडगार्ड रंगवले. मग रंग उरला म्हणून इंजिन रंगवलं, सायलेन्सर रंगवले, वायरी रंगवल्या, तारा रंगवल्या. मी डबा धरून उभा होतो. मला काय कळत होतं? मला तर वाटलं, आबांनी गाडी नवीकोरी केली. त्या दिवशी ते किती खूश होते, ते तुम्ही पाहायला पाहिजे होतं.

मांडवात रुखवताशेजारी ती लालभडक गाडी उभी केली, झेंडूची माळ घालून. लोक रुखवत सोडून तिच्याभोवती जमले. कोणी तरी ओरडलं, नवरदेव, मारा किक. दांडा रंगात असा चिकटला होता की हलेना. चाकं फिरेनात. शेवटी सहा जणांनी उचलून ती टेम्पोत टाकली, आणि मांडवभर हशा झाला. आबा खांबाला धरून उभे होते. तेव्हा तुम्ही मुंडावळ्या बाजूला सारल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललात, "दिवाळसणाला मी ह्याच गाडीवर येणार. चालू न्हाई झाली, तर दिवाळसण नको मला."

दाजी, तुम्ही बोलून गेलात, पण आमच्या घराची झोप उडवून गेलात. पहिल्या दिवाळीला लेक-जावई आले नाहीत तर गाव काय म्हणणार? भंगार दिलं म्हणून जावई रुसला, हेच. ताईच्या सासरीही तिला ऐकून घ्यावं लागलं असतं. आबांची पत, ताईचं पहिलं वर्ष, सगळं त्या म्हशीच्या मुतात भिजलेल्या लोखंडावर येऊन बसलं होतं. आणि तुम्ही कोण, तर मंचरला खताच्या दुकानात कामाला. हातात सायकल आणि स्टोव्हचा पंप याशिवाय कधी यंत्र धरलं नव्हतं.

मी बी.ए.चे पेपर देऊन घरीच होतो. दर रविवारी आई मला टोमॅटोची पिशवी देऊन कळंबला पाठवायची. नाव ताईला बघायचं, काम गाडी कुठवर आली ते बघायचं. नारायणगावपर्यंत एक जीप, तिथून दुसरी. तुमच्या पडवीत बारदान अंथरलेलं असायचं आणि तुम्ही त्यावर मांडी घालून बसलेले असायचात. ताईच्या रुखवतातली पितळी परात तुम्ही नट-बोल्टांसाठी घेतलीत, त्यावरून तुमचं पहिलं भांडण झालं म्हणे. ताई म्हणाली, त्या परातीत आईने करंज्या दिल्या होत्या. तुम्ही म्हणालात, मग त्यात काय, हे बी घरचंच हाय.

नारायणगावच्या दोन गॅरेजवाल्यांनी तुम्हाला हात जोडले होते. भंगारात घाला, निदान लोखंडाचे येतील, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, मंचरला एक चांगला मेस्त्री आहे, त्याला दाखवू. तुम्ही ऐकलं नाहीत. दुसऱ्याच्या हाताने चालू झाली तर ती दुसऱ्याची गाडी, मी नुसता बसणारा, असं म्हणालात. मला ते तेव्हा हट्टीपणाचं वाटलं. अजूनही थोडं वाटतं.

इंजिन आतून जाम होतं. तुम्ही प्लग काढून त्या भोकात रॉकेल आणि तेल ओतलंत आणि मला सांगितलंत, आता थांबायचं. आम्ही थांबलो. पुढच्या रविवारी पुन्हा ओतलं, पुन्हा थांबलो. दुकानातून आल्यावर तुम्ही रोज एकदा दांड्यावर पाय ठेवून नुसता भार द्यायचात, जोर नाही. ताई म्हणायची, गाईला पान्हा सोडायला लावतात तसं चाललंय यांचं. आणि एके दिवशी दांडा बोटभर खाली गेला. तुम्ही तसेच पाय ठेवून मला हाक मारलीत. मी आलो तर तुम्ही हलायला तयार नाही, कारण पाय काढला तर परत अडकेल अशी भीती. त्या एका बोटाचा आपल्या दोघांना केवढा आनंद झाला होता.

हेडलाइटमधून उंदराचं घर निघालं. सायलेन्सरमधली माती काढायला तुम्ही चिंचेची लवचीक फांदी वापरलीत. पण सगळ्यात वाईट होता तो रंग. इंजिनवर ज्या आडव्या पाकळ्या असतात, ज्यांच्या फटींतून वारा जाऊन इंजिन थंड राहतं, त्या सगळ्या आबांच्या लाल रंगाने बुजल्या होत्या. तुम्ही हॅक्सॉ करवतीचं अर्धं तुटलेलं पातं घेऊन एकेक फट खरवडायला बसलात. बारदानावर लाल भुगा पडायचा आणि त्यात तुमच्या बोटांचं रक्तही असायचं, कुठलं कुठे कळायचं नाही. मी वैतागून म्हणायचो, आबांनी रंगवली नसती तर बरं झालं असतं. तुम्ही पुढच्या फटीत पातं घालायचात. टाकीच्या पोटाला, खालच्या बाजूला हाताएवढा लाल पट्टा तुम्ही तसाच ठेवलात. मी विचारलं, हा राहिला. म्हणालात, "राहू द्या. मामांची सही हाय ती."

नवरात्रात गाडी सुरू झाली. तुम्ही पेट्रोलमध्ये तेल इतकं जास्त घातलं होतं की धुराने आख्खी गल्ली खोकायला लागली. तेल किती घालायचं यावरून आपला वाद त्याच दिवशी सुरू झाला आणि गेल्या दिवाळीपर्यंत मिटला नाही. मी अजूनही म्हणतो, तुम्ही जास्त घालायचात. असो. तुम्ही गाडीवर बसलात, मी मागे बसलो, रस्त्याला लागलो आणि गल्लीच्या टोकाच्या बाभळीपाशी गाडी बंद पडली. ढकलत आणली. पुन्हा सुरू केली, पुन्हा बाभळीच्या आसपास बंद. प्लग बदलला, कार्बोरेटर तीनदा उघडून धुतला. घरासमोर गाडी झकास चालायची, गल्ली ओलांडली की जीव सोडायची. तुमचा शेजारी म्हणाला, गाडीने बाभळीला नवस बोललाय, फेडल्याशिवाय पुढं जायची नाही. तुम्ही त्याच्यासोबत हसलात, पण घरात आल्यावर जेवला नाहीत. ताईने मला बाजूला घेऊन विचारलं, दिवाळीला एस.टी.ने आलो तर आबांना चालेल का रे? तिने कधी असं हळू आवाजात विचारलेलं मी पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, चालेल, आणि दोघांनाही ठाऊक होतं की चालणार नाही.

दिवाळीच्या आधीचा तो शेवटचा रविवार. तुमच्याकडे उमेद उरली नव्हती. बाभळीपाशी गाडी बंद पडली, तशी तुम्ही ढकलत अंगणात आणलीत आणि पेट्रोल किती आहे ते बघायला टाकीचं झाकण फिरवलंत. झाकण उघडताना हवा आत ओढल्याचा बारीक आवाज झाला. तुम्ही थबकलात. झाकण लावलंत, किक मारलीत, गाडी लगेच सुरू. थोड्या वेळाने बंद. पुन्हा झाकण उघडलंत, पुन्हा तोच आवाज. मग तुम्ही झाकण उन्हाकडे धरलंत आणि डोळ्याजवळ नेलंत. मधोमध टाचणीच्या डोक्याएवढं भोक असतं, पेट्रोल खाली उतरलं की तिथून हवा आत यायला. ते भोक लाल रंगाने बुजलेलं होतं. हवा आत जात नव्हती म्हणून पेट्रोल खाली येत नव्हतं. तीन आठवडे आपण ज्याच्यासाठी कार्बोरेटर धुतला, तो गुन्हेगार तिथे वर बसून आपल्याकडे बघत होता.

ताईने गोधडीचा दाभण आणला. तुम्ही रंग टोकरलात, फुंकर मारलीत. गाडी बाभळीपुढून गेली, फाट्यापर्यंत गेली, मंचरला जाऊन आली. आपण परत आलो तेव्हा मी हसून हसून अंगणात बसलो होतो. मी म्हटलं, हे आबांना आजच्या आज जाऊन सांगतो, त्यांच्या रंगानं जावयाला तीन आठवडे बाभळीखाली बसवलं.

तुम्ही हसला नाहीत. हातातला दाभण बाजूला ठेवलात आणि माझ्यासमोर उकिडवे बसलात. "पावणं, हे आळ्याला बोलायचं न्हाई," म्हणालात. "त्यांनी माझी लाज राखायला गाडी रंगवली. आता त्यांना त्यात चूक दाखवू व्हय मी? त्यांच्या रंगानं गाडी गंजली न्हाई, म्हणून चालू झाली. असंच सांगायचं."

मी मान हलवली. मग तुम्ही ते तुटकं पातं उचललंत आणि उरलेल्या पाकळ्या खरवडायला लागलात. अर्ध्याहून जास्त अजून बाकी होत्या. चालू तर झाली, आता दिवाळीनंतर बघू, असं मी म्हटलं. पातं तेवढ्यात आणखी एकदा तुटलं आणि तुम्ही नखाएवढा तुकडा बोटांत धरून खरवडत राहिलात. तुमची ती वाकलेली पाठ मला अजून दिसते.

त्या संध्याकाळी मी घरी पोचलो, तर आबा ओट्यावर बसले होते आणि शेजारी ओल्या भुईमुगाच्या शेंगांची पिशवी होती. ताईला द्यायला म्हणून सकाळी निघालो होतो, पण एस.टी. चुकली, असं त्यांनी आईला सांगितलं. आईने शेंगा उकडल्या. मी खाल्ल्या. मला काही वेगळं वाटलं नाही.

आणि मग पाडवा. आबा सकाळपासून दारात उभे. कारण काही नाही, म्हणे दारासमोरची खडी सारखी करतोय. खोरं घेऊन तीच खडी इकडून तिकडे. पारावर नेहमीची मंडळी बसली होती, लग्नात हसलेली. मी सारखा आत-बाहेर करत होतो. आणि फाट्याच्या बाजूने तो आवाज आला, दाजी. दोन सायलेन्सरचा, फटफट करणारा, मधेच अडखळून पुन्हा लय पकडणारा. आबांनी खोरं खाली ठेवलं. वळणावर आधी धूर दिसला आणि मग तुम्ही. मागे ताई, जरीची साडी, एका हातात तेलाचा डबा, तोंडाला काजळी. मी माझ्या ताईला लग्नातही इतकी देखणी पाहिली नव्हती. पारावरची माणसं उठून उभी राहिली.

आईने तुम्हाला ओवाळलं. आबा तिला म्हणाले, गाडीलाही कुंकू लाव. ज्या गाडीवर बसायचं नाही म्हणून तिने शपथ घातली होती, तिच्या हेडलाइटला आईने कुंकू लावलं आणि वर साखरही ठेवली. मग आबा स्वतः पारावर गेले आणि एकेकाला दंडाला धरून फराळाला घेऊन आले. त्यांची मान त्या दिवशी इतकी ताठ होती, की ती पाहूनच मला रडू आलं. आमच्या घराला एवढा अभिमान तुम्ही दिलात. नवी गाडी मागून आणली असती तर एवढा आला नसता.

अभ्यंगस्नान झालं, पाट मांडला, आबांनी ताट आणलं. लोक अंगठीची वाट बघत होते. ताटात शर्ट-पँटचं कापड, टोपी, नट खोलायच्या पान्यांचा नवा सेट, आणि एक तारेचा ब्रश. लोखंड घासायचा, लाकडी मुठीचा. पाने सगळ्यांना समजले. ब्रश कोणालाच समजला नाही. तुम्ही तो हातात घेऊन हसलात आणि विचारलंत, "मामा, हा कशाला?"

आबा एवढंच म्हणाले, "लागतो."

पुढची सगळी वर्षं तुम्ही तो प्रश्न सोडला नाहीत. ताईचं म्हणणं, दुकानदाराने सेटवर फुकट दिला असेल. तुमचं म्हणणं, मामांनी टोमणा मारला, गाडी घासून चकचकीत ठेवा म्हणून. दर दिवाळीला जेवणं झाली की तुम्ही सुपारी कातरत माझ्याकडे वळायचात, पावणं, खरं सांगा, ब्रश कशाला दिला असंल? मी खांदे उडवायचो. आणि दर रविवारी त्याच ब्रशाने तुम्ही गाडी घासायचात. त्याने तुम्ही उरलेल्या पाकळ्या साफ केल्यात, चेन घासलीत, प्लग घासलेत. मी पुढे नवी गाडी घेतली, लिटरला भरपूर पळणारी. तुम्ही तिच्याभोवती एक फेरी मारलीत आणि म्हणालात, चांगली हाय, पण तुमी आला ते कळतच न्हाई. तुमची मात्र फाट्यावरून कळायची. तुमची शीतल ओट्यावर खेळत असायची, आवाज ऐकून ताईला सांगायची, पप्पा आले, भाकरी टाक.

आता ते उत्तर. शीतलच्या बारशाला तुम्ही सगळे आळ्याला आला होतात. संध्याकाळी तुम्ही कळंबला परत निघालात, आबा आणि मी दारात उभे होतो. धूर विरेपर्यंत आबा बघत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, त्या रविवारी एस.टी. चुकली नव्हती.

ते आले होते, दाजी. शेंगांची पिशवी घेऊन तुमच्या कुंपणापर्यंत आले होते. अंगणात आपण दोघं बसलेले. मी हसत होतो ते त्यांनी ऐकलं. त्यांच्या रंगाने काय झालं ते ऐकलं. आळ्याला बोलायचं न्हाई, हे तुमचं बोलणंही ऐकलं. आणि तुम्ही नखाएवढ्या पात्याने पाकळ्या खरवडत होतात, खाली लाल भुगा पडत होता, ते त्यांनी तसंच उभं राहून पाहिलं. मग पिशवी तशीच घेऊन ते मागे फिरले, कारण ते आत आले असते तर तुम्हाला ते लाल भुग्याचं बारदान लपवावं लागलं असतं.

मी आबांना म्हटलं, मग दाजींना सांगा ना. आबा म्हणाले, "त्यानं मला सांगितलं न्हाई, मी त्याला सांगितलं न्हाई. तूबी सांगू नको. दोघांचं बरं चाललंय."

म्हणून नाही सांगितलं. तुम्ही मला एका बाजूने गप्प बसवलंत, आबांनी दुसऱ्या बाजूने, आणि मी तुमच्या दोघांच्या मधे वर्षानुवर्षं तोंड मिटून दिवाळीचे लाडू खात बसलो. आबा गेले तेव्हा तुम्ही खांदा दिलात आणि परत येताना गाडी थांबवून मला म्हणालात, मामांना शेवटपर्यंत कळलं न्हाई ते बरं झालं. मी तेव्हाही हो म्हणालो. माझ्या आयुष्यात मला दोन माणसं अशी भेटली, आणि ती दोन्ही माझ्याच घरातली, याचा मला माज आहे म्हटलं तरी चालेल. घाटावरच्या माइकवर हे कसं बोलायचं होतं?

ब्रश टोमणा नव्हता, दाजी. फुकटही आला नव्हता. तुमच्या हातातलं पातं तुटलं होतं आणि खरवडायचं अजून बरंच राहिलं होतं, हे त्यांनी कुंपणाआडून पाहिलं होतं, म्हणून दिला.

गेल्या दिवाळीला आपलं आणखी एक भांडण अर्धं राहिलं. तुम्ही म्हणत होतात, आता गाडी नीट रंगवायची. मी म्हटलं काळी, पहिली होती तशी. तुम्ही म्हणालात लाल, मामांची. मी म्हटलं, लाल रंगाचं तुमच्या गाडीला वावडं आहे. तुम्ही इतके हसलात की सुपारीचा ठसका लागला. संक्रांतीला बघू म्हणालात, आणि संक्रांत आली तेव्हा तुम्ही दवाखान्यात होतात.

काल कळंबला गेलो होतो. पडवीत गाडी उभी आहे, ब्रश खिळ्याला तसाच आहे, अर्ध्या तारा झडलेला. ताईला सगळं सांगितलं. ती आधी रडली, मग डोळे पुसून म्हणाली, दोघंबी सारखेच, मला एकानं सांगितलं न्हाई. मग स्वतःच आत जाऊन ती पितळी परात घेऊन आली आणि माझ्यासमोर ठेवली. मी टाकी उतरवून बारदानावर घेतली, तुमचा ब्रश घेतला आणि घासायला बसलो. पोटाखालची सही तेवढी सोडली.

येताना नारायणगावहून लाल रंगाचा डबा आणलाय. तुम्ही जिंकलात. इंजिनाला रंग लावणार नाही, आणि या वेळी टाकीच्या झाकणाचं भोक मोकळं ठेवीन.